समास

जून महिना. केयोनच्या धक्क्यावर पाचलाच अंधार,
आणि माझ्यापुढे बावीस चौकोन,
त्यातले एकोणीस काळे.
"कोणाला काही विचारायचंय?"
शेगडीतलं लाकूड तेवढं तडतडतं.
दामारिसच्या माइकमधून कुत्रा भुंकतो,
मग तोही माइक बंद.

तीस वर्षं मी लाल शाईने
मुलांच्या वह्यांचे समास भरले.
'अस्पष्ट.' 'पुन्हा लिहा.' 'कशावरून?'
समास ही माझी जहागीर.
तिथे कुणाचं पेन घसरलं
तरी मी अर्धा गुण कापायची.

यंदा त्या पट्टीची किल्ली मुलांच्या हाती दिली.
बेटांच्या सर्वेक्षणाचा एक जुना अहवाल, बारा पानं.
सगळ्यांना एकच प्रत, पडद्यावर.
हवी ती ओळ पिवळी करायची
आणि शेजारी लिहायचं, सुचेल ते, सुचेल तेव्हा.
अट एवढीच, की खाली आपलं नाव हवं.

पहिला आठवडा थट्टेत गेला.
बास्तियान ओयार्सोने शीर्षकच पिवळं केलं:
"झोप येतेय."
खाली सात जणांची सहमती, एकाचं घोरणंसुद्धा
अक्षरांत.
मी गप्प बसले. म्हणजे, बोटांवर बसले.

मग मंगळवारी रात्री, अकरा वाजून गेल्यावर,
नवव्या पानावर एक शब्द पिवळा झाला.
'लेमुआपी. क्षेत्र लहान, झरा गोड्या पाण्याचा, निर्मनुष्य.'
यातला शेवटचा. फक्त तेवढाच.
शेजारी नाव: ओतिलिया नावेल्कीन.
मार्चपासून जिचा आवाज मी ऐकला नव्हता,
जी हजेरीला 'आहे' असं टाइप करायची
आणि दिसेनाशी व्हायची.
तिने लिहिलं होतं:
"माझ्या आजोबांचे वडील इथे बटाटे लावत.
या वर्षीही लावले होते."

पहाटेपर्यंत त्या एका शब्दाला
चौदा जण लटकले.
"मग त्यांना मोजलं का नाही?"
"होडी बघून लपले असतील."
"तू असतास तर लपला असतास. ते कशाला लपतील?"
दामारिस बार्रिया, जिचे वडील फेरीबोट चालवतात:
"पान चार बघा. त्या दिवशी वारा उत्तरेचा.
उत्तरेच्या वाऱ्यात लेमुआपीला होडी लागतच नाही,
बाबा आजही अर्ध्यातून परत फिरतात.
साहेब उतरलेच नसणार."
आणि बास्तियान, रात्री दोनला, झोप न आलेला:
"शब्द फोडून बघा.
निर्मनुष्य, म्हणजे जिथून माणूस निघून गेलाय ते.
निघून जायला आधी असावं लागतं ना?"

सर्वांत खाली पुन्हा ओतिलिया.
"तारीख जूनची आहे. चूल पेटलेली असणार.
धूर तर दिसला असेल."

या वाक्याला कुणी उत्तर दिलं नाही.
मी ते तीनदा वाचलं,
उठले, शेगडीत एक ओंडका सरकवला,
दाराबाहेर जाऊन
आमच्याच छपरावरचा धूर बघून आले.

मग मीही लिहिलं, त्याच शब्दापाशी, पंधरावी,
माझं जुनंच: 'कशावरून?'
या वेळी अहवाल लिहिणाऱ्याला.
त्याच्याकडून उत्तर येणार नाही, माहीत आहे.
छापलेला शब्दही तसाच आहे, काना-मात्रा न हलता;
फक्त आता तो एकटा वाचता येत नाही.

गुरुवारी पुन्हा बावीस चौकोन.
अठरा काळे.
उजळलेला ओतिलियाचा असेल असं मला वाटलं होतं.
नव्हता. बास्तियान होता,
विस्कटलेल्या केसांचा, पाव चावत,
"बाई, दहाव्या पानावर पण एक बेट आहे" म्हणत.
मी पान उलटलं.
तिथे कुणीतरी आधीच येऊन गेलं होतं:
एक शब्द पिवळा,
शेजारची जागा अजून रिकामी,
आणि तिच्यात लुकलुकणाऱ्या तीन टिंबांखाली
नाव: नावेल्कीन.